सुरगाण्याची पोर, हिब्रू नाव!

कुत्र्याचं पिल्लू घरी आणायला एक वीकएंड पुरतो. त्याला नाव ठेवायला किती वेळ लागावा? मला आठवडा लागला. आणि त्या आठवड्यात माझी हवा पार टाइट झाली होती!

सगळ्यात आधी एक कबुली. मी 'डॉग पर्सन' वगैरे अजिबात नव्हते. सोसायटीतलं लॅब्राडॉर लिफ्टमध्ये शिरलं की मी जिन्यानं जायचे. पण मागच्या जूनमध्ये आमच्या ऑफिसची टीम सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावर शाळेला पुस्तकं द्यायला गेली, आणि सगळा घोळ तिथे सुरू झाला.

सुरगाणा म्हटल्यावर टीममधल्या निम्म्या लोकांनी मोबाइलवर नकाशा उघडला होता. तुम्हीही उघडणार असाल तर थांबा, मीच सांगते. नाशिक जिल्ह्याचा वायव्येकडचा कोपरा, गुजरातच्या हद्दीला खेटून असलेला तालुका. एकेकाळचं छोटंसं संस्थान, १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालेलं. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांची. डोंगरउतारावर नागली, वरई आणि खुरासणी. नाशिकहून वणी, बोरगाव करत गाडी वर चढायला लागली की नेटवर्कची एकेक कांडी गळत जाते आणि हिरवा रंग एकेक शेड वाढत जातो.

पुस्तकं देऊन झाली, फोटो काढून झाले, नागलीची भाकरी आणि ठेचा खाऊन झाला. निघताना एका घराच्या ओट्याखालून एक पिल्लू बाहेर आलं. नागलीच्या भाकरीसारखाच तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला. ते सरळ माझ्या स्पोर्ट्स शूजची नाडी चघळायला लागलं. ओट्यावर एक म्हातारी आजी बसली होती.

"नाव काय हिचं?" मी विचारलं.

"नाव नाही अजून," ती म्हणाली. "चार होती. तीन बिबट्यानं नेली. ही जगली तर ठेवू नाव."

इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला पुढे बोलताच येईना. तिच्या आवाजात दुःख नव्हतं, फक्त हिशोब होता. जे राहणार की जाणार हेच माहीत नाही, त्याला नाव कशाला चिकटवायचं? मी तिला विचारलं, नेऊ का हिला? ती म्हणाली, ने. तिथे जगेल.

आठ तासांच्या प्रवासात पिल्लू दोनदा ओकलं, एकदा माझ्या मॅनेजरच्या लॅपटॉप बॅगेवर. 'इन्क्रीमेंटचं काय ते विसर', असं मी मनाशी म्हटलं आणि पुणं आलं.

अट मंजूर आहे?

आता खरी अडचण. मी राहते रास्ता पेठेत, एका जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या बिल्डिंगमध्ये, भाड्यानं. घरमालकीणबाई माझ्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात. वय ऐंशीच्या पुढे. सगळी बिल्डिंग त्यांना आजी म्हणते. फ्लॅट बघायला आले तेव्हा त्यांचं '-कर'नं संपणारं कोकणी आडनाव ऐकून मी मनातल्या मनात एक अंदाज बांधला होता. मग दाराच्या चौकटीवर बसवलेली छोटीशी डबी दिसली. तिला मेझुझा म्हणतात, आत हातानं लिहिलेला हिब्रू मजकूर असतो. आजी बेने इस्रायली आहेत. म्हणजे आपल्या मराठी ज्यू!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा. बेने इस्रायलींच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, आणि सात जोडपी वाचली. पुढे ते कोकणातल्या गावागावांत पांगले, तेलाचे घाणे चालवायला लागले. शनिवारी शब्बाथ पाळायचे, घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. आडनावं गावांवरून पडली: दिवेकर, पेणकर, केहीमकर, झिराडकर, चेऊलकर. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा आठवतात? ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आणि वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा आहे, ते मुंबईचे एकेकाळचे महापौर एलिजा मोझेस हेही बेने इस्रायलीच.

आजींचं बालपण अलिबागच्या इस्रायल आळीतलं. लग्न होऊन पुण्यात आल्या, यजमान रेल्वेत होते. दोन मुलं, एक मुलगी, तिघंही केव्हाच इस्रायलला गेली. यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली. नातवंडं अश्दोदला. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो आणि आजी मोबाइल नाकाला लावून बोलतात.

रात्री अकराला पिल्लाला जॅकेटमध्ये लपवून मी जिना चढत होते. आजी दारात उभ्या!

"काय आहे ते?"

"आजी, ते... म्हणजे... मी उद्या सांगणारच होते..."

पिल्लानं जॅकेटमधून डोकं काढलं. आजींनी त्याच्याकडे बघितलं, त्यानं आजींकडे. अर्धं मिनिट गेलं असेल.

"मुलगी आहे?"

"हो."

"राहू दे. पण एक अट आहे. नाव आमच्यातलं ठेवायचं. हिब्रू." दार लावता लावता म्हणाल्या, "किती वर्षं झाली, या जिन्यावर कुणाला आमच्यातल्या नावानं हाक मारलेली नाही."

आणि मी माती खाल्ली

खरं सांगू? मला तर ही अट सॉलिड आवडली. ऑफिसमध्ये सगळ्यांच्या कुत्र्यांची नावं ब्रूनो, कोको आणि सिंबा. माझ्याकडे एकदम युनिक हिब्रू नाव! दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये मी नेटवर लिस्ट काढली, एक्सेल शीटमध्ये भरली, अर्थासाठी वेगळा कॉलम केला आणि टीमकडून रेटिंग घेतलं. पहिला नंबर आला 'रिव्का'. काय भारी वाटतं ना? रिव्का! छोटं, कडक, दोन अक्षरी.

संध्याकाळी आजी गवार मोडत बसल्या होत्या. मी धावत गेले. "आजी, ठरलं! रिव्का!"

आजींचा हात थांबला. मग पुन्हा चालायला लागला. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "माझ्या आईचं नाव आहे ते."

काय सांगू तुम्हाला, जमीन दुभंगून पोटात घ्यावं असं वाटलं. मी विचार करून बघितला. कुणी येऊन मला म्हणालं असतं, 'आमच्या कुत्रीचं नाव सुमती ठेवलंय', आणि सुमती माझ्या आजीचं नाव असतं तर? माझ्यासाठी 'रिव्का' हा शीटमधला एक सेल होता. त्यांच्यासाठी ती अलिबागच्या घरात चुलीसमोर बसलेली आई होती.

मी सॉरी म्हणाले. त्या म्हणाल्या, "तुला कुठे माहीत होतं?" आणि मग गवार बाजूला सारून त्यांनी मला नावांचा अख्खा क्लासच घेतला.

आजींचे तीन नियम

नियम पहिला: माणसाचं नाव माणसाला. सारा, रिव्का, लेआ, राहेल या ज्यूंच्या आद्य माता. आजही घरोघरी मुलींना ही नावं ठेवतात. अशा नावानं कुत्रीला हाक मारली तर कायद्यानं कुणी अडवणार नाही, पण ऐकणाऱ्याच्या पोटात काहीतरी हलतं.

नियम दुसरा: देवाचं नाव कुणालाच चिकटवायचं नाही. हे मला नवीन होतं. हिब्रू नावांच्या शेवटी बऱ्याचदा 'एल' किंवा 'या' येतं, तो देवाचा उल्लेख असतो. अरिएला, डॅनिएला, बात्या. आपल्याकडे 'राम'दास, शिव'नाथ' असतं तसंच. माझ्या एक्सेल शीटमधली एक तृतीयांश नावं इथेच कटाप!

नियम तिसरा: उरलेलं सगळं मोकळं. झाडं, फळं, रंग, पाऊस, दव. "शब्द कुणाच्या मालकीचे नसतात," आजी म्हणाल्या.

पण इथे एक गंमत आहे. हिब्रूत माणसांचीच कितीतरी नावं मुळात प्राण्यांची आहेत! राहेल म्हणजे मेंढी. दबोरा म्हणजे मधमाशी. याएल म्हणजे डोंगरातली रानशेळी. मोशेच्या बायकोचं नाव त्सिपोरा, म्हणजे पक्षी. आपल्याकडे मैना आणि कोकिळा असतात तसंच की! म्हणजे प्राण्याचं नाव माणसाला चालतं, पण माणसाचं नाव प्राण्याला दिलं की भुवया उंचावतात. मजेशीर एकेरी रस्ता आहे हा.

मग मी विचारलं, कुत्र्याला हिब्रूत काय म्हणतात? "केलेव्ह. आणि कुत्री म्हणजे कलबा. पण ते नको. आपल्याकडे बाईला 'कुत्री' म्हटलं की शिवी, तिकडेही तसंच." चला, निदान एका बाबतीत सगळ्या भाषांचं एकमत आहे!

आजी त्या दिवशी खुलल्या होत्या. म्हणाल्या, आमच्या ग्रंथात लिहिलंय, आमचे लोक इजिप्तच्या गुलामीतून निघाले त्या रात्री एकही कुत्रं त्यांच्यावर भुंकलं नाही. "म्हणून कुत्र्याचं आमच्यावर थोडं ऋण आहे." ही गोष्ट वल्हांडणाची, म्हणजे पेसाहची. या सणाला जे पुस्तक वाचतात त्याला हग्गादा म्हणतात, आणि त्याची मराठी भाषांतरासह एक आवृत्ती १८७४ साली आपल्या पुण्यात छापलेली आहे! त्यातल्या चित्रात साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाच्या बेखमीर भाकऱ्या करताना दिसतात. आणि त्याच्याही आधी, १८३२ मध्ये, जॉन विल्सन या मिशनऱ्यानं हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीतून लिहिलं होतं. मला वाटत होतं की मी काहीतरी फॉरेन नाव शोधतेय. हिब्रू तर इथलीच शेजारीण निघाली.

फक्त शेजारीण नाही, तिनं इथले कपडेही घातले होते. जुन्या बेने इस्रायली घरांत अब्राहमचा अबाजी व्हायचा, मोझेसचा मुसाजी, सॅम्युएलचा समाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे गावासाठी समाजी हसाजी दिवेकर होते. समाजी हसाजी! वाचून सांगा, हा माणूस तुमच्या पणजोबांच्या शेजारी राहत नव्हता असं वाटतं का?

'दुग्मा'ची गोष्ट

रात्री पिल्लू उशाशी झोपलेलं आणि मी पुन्हा नेटवर. या वेळी एका बाईंची गोष्ट सापडली. डॉ. रुडॉल्फिना मेंझेल. ऑस्ट्रियातल्या श्वानतज्ज्ञ, ज्यू. १९३८ मध्ये नाझींमुळे देश सोडून त्या पॅलेस्टाइनला पोचल्या. तिथे राखणीला आणि कामाला कुत्री तयार करायची होती, पण युरोपातल्या जातिवंत कुत्र्यांना ते ऊन झेपेना. मेंझेलबाईंचं लक्ष गेलं ते वाळवंटात, बेदुइन तळांच्या आसपास फिरणाऱ्या बेवारस कुत्र्यांकडे. शतकानुशतकं कुणाच्याही मदतीशिवाय टिकलेली ती कुत्री. त्यांतल्या एका कुत्र्याला त्यांनी कित्येक महिने चुचकारून माणसाळवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'दुग्मा'. अर्थ: नमुना, उदाहरण. त्यातूनच पुढे 'कनान डॉग' ही आज जगभर मान्यता असलेली जात उभी राहिली.

उभे कान, वळलेली शेपूट, चपळ अंग. कनान डॉगचे फोटो बघितले आणि मी उशाशी बघितलं. अरे, ही तर आपली गावठीच! आपल्या गावठी कुत्र्यांना ब्रीडर किंमत देत नाहीत, पण हीसुद्धा तशीच टिकून राहिलेली. तीन भावंडं गेली आणि ही राहिली.

दुसऱ्या दिवशी शॉर्टलिस्ट तयार होती. ताल, म्हणजे दव. केशेत, म्हणजे इंद्रधनुष्य. गेफेन, म्हणजे द्राक्षवेल. नाशिक जिल्ह्याच्या पोरीला याहून झकास नाव कुठलं? आजींना गेफेन आवडलं. अश्दोदच्या नातीलाही आवडलं. मीच म्हटलं, घाई नको, शनिवारी निवांत ठरवू, केक आणू, बारसं करू.

ती निवांत वेळ आलीच नाही.

पेशंटचं नाव?

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून आले तर पिल्लू कोपऱ्यात पडलेलं. उलट्या, आणि जुलाबात रक्त. अंगात उभं राहायचं त्राण नाही. सकाळीच ती थोडी मलूल होती, पण मला मीटिंग होती. 'प्रवासाचा शीण असेल' असं म्हणून मी निघून गेले होते. आणि लस? 'वीकएंडला देऊ.' हो, तीही माझीच चूक.

मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून जिन्यावर आले तेव्हा आजींच्या घरात शब्बाथचे दिवे लागले होते. शुक्रवारचा सूर्यास्त झाला की शनिवारी रात्रीपर्यंत आजी वाहनात बसत नाहीत, पैशाला हात लावत नाहीत. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना हा नियम मोडताना एकदाही बघितलेलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टॉवेलकडे बघितलं आणि पायात चपला सरकवल्या.

"आजी, शब्बाथ आहे..."

"देवाला काय सांगायचं ते मी सांगते. तू रिक्षा थांबव."

क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी टेस्ट केली. पार्वो. लस न झालेल्या लहान पिल्लांना गाठणारा विषाणू. आतड्याचं अस्तर सोलून काढतो, शरीरातलं पाणी संपवतो. विषाणूला थेट मारेल असं औषध डॉक्टरांकडे नव्हतं. सलाइन, उलट्या थांबवायचं इंजेक्शन, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, आणि बाकी तिची तिनं लढाई. "पुढचे तीन-चार दिवस काढले तर वाचेल," डॉक्टर म्हणाले.

काउंटरवरच्या मुलानं फॉर्म पुढे ओढला. "पेशंटचं नाव?"

मी गप्प. गेफेन म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. डोक्यात ती सुरगाण्याची म्हातारी: जगली तर ठेवू नाव.

"नाव नाही ठेवलं अजून," मी म्हणाले.

तो लिहायला लागला: 'डॉग, फीमेल'.

"थांब रे बाळा," आजी म्हणाल्या. "हाया लिही."

त्यानं लिहिलं. आणि मग त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, सलाइनचे थेंब मोजत, आजींनी मला सांगितलं. ज्यूंमध्ये एक जुनी रीत आहे. माणूस खूप आजारी पडला की त्याच्या नावाला अजून एक नाव जोडतात. पुरुषाला हाईम, बाईला हाया. अर्थ: जीवन, जिवंत. नाव बदललं की त्याच्यावर आलेलं संकटही टळावं, अशी त्यामागची आशा.

माझ्या डोळ्यांसमोर आपले दगडू, धोंडू आणि केरबा आले. आधीची मुलं गेली की पुढच्याला दगडधोंड्याचं नाव ठेवायचं, म्हणजे काळाची नजर जात नाही. आणि जिवाजी, तो तर सरळसरळ हाईमच! एकाच भीतीवर दोन गावांनी काढलेले उपाय.

"पण आजी, हाया हे माणसाचं नाव आहे ना? तुमचा पहिला नियम?"

आजी हसल्या. पूर्ण आठवड्यात पहिल्यांदा मी त्यांना इतकं दमलेलं बघितलं. "हिब्रूत 'हाया' म्हणजे जिवंत, आणि हाया म्हणजेच प्राणी. कुठलाही प्राणी. शब्द आधी तिचाच होता, आम्ही नंतर घेतला."

ती रात्र, आणि पुढच्या तीन

पहिली रात्र वाईट गेली. दुसरी त्याहून वाईट. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसमधून फोन केला तर आजी म्हणाल्या, शेपूट हलली. मी मीटिंग रूममध्ये रडले, आणि ज्या मॅनेजरच्या बॅगेवर ती ओकली होती त्यानंच मला टिश्यू दिले. चौथ्या दिवशी तिनं चमचाभर पेज खाल्ली. पाचव्या दिवशी माझी चप्पल.

मला तेव्हा कळलं की नाव ठेवायला मी का घाबरत होते. म्हातारीचा हिशोब चुकीचा नव्हता. नाव ठेवलं की ती 'एक कुत्री' राहत नाही. नाव ठेवलं की गमवायला काहीतरी असतं. फक्त आजींचा हिशोब उलटा होता. जगली तर नाव नाही, जगावी म्हणून नाव.

नावामुळे ती जगली असं मी म्हणत नाही. ती सलाइननं जगली आणि तिच्या गावठी चिवटपणानं जगली. पण त्या तीन रात्री 'डॉग, फीमेल'ला हाक मारता आली नसती. हायाला मारता आली.

घरी आल्यावर अश्दोदहून व्हिडिओ कॉल. नातीनं नाव ऐकलं आणि ती खोखो हसत सुटली, कारण आजचे इस्रायली लोक त्याचा उच्चार 'खाया' असा करतात. "खाया?" मी म्हटलं, "मग तर अगदी परफेक्ट! सोफ्याचं कव्हर खाया, चार्जर खाया, आजींची चष्म्याची केस खाया!" नेटवरच्या लिस्टमध्येही ते होतंच म्हणे, इंग्रजीत 'सी' पासून लिहिलेलं. मी ते 'छाया' वाचून सोडून दिलं होतं, कारण दुसऱ्या मजल्यावर छायाकाकू राहतात!

आजी मात्र 'हाया'च म्हणतात, मराठी ह काढून. त्यांच्या समाजाचा इतिहास लिहिणारे केहीमकर, त्यांचं नावही हाईम सॅम्युएल केहीमकर. "आमच्याकडे 'ह'च," आजींनी नातीला ठणकावलं. आता रोज संध्याकाळी जिन्यावर हाक घुमते, "हाया! बोई!" बोई म्हणजे ये. आणि हाया येते, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची तरी चप्पल घेऊन.

सगळ्या लसी झाल्यावर, दिवाळीच्या तोंडावर, मी तिला घेऊन पुन्हा सुरगाण्याला गेले. वाघबारस होती, पाड्यावर वाघदेवाच्या पूजेची तयारी चालली होती. ती म्हातारी आजी त्याच ओट्यावर. तिनं हायाला ओळखलं, त्या पडलेल्या कानावरून.

"जगली," ती म्हणाली. "नाव ठेवलं?"

"हाया."

"म्हणजे काय?"

"जिवंत."

म्हातारीनं हायाच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरोबर," ती म्हणाली.

तुमच्या लाडकीसाठी हिब्रू नाव हवंय?

आजींच्या तिन्ही नियमांतून पास झालेली काही नावं. यातली काही आजकाल इस्रायलमध्ये मुलींनाही ठेवतात, पण मुळात ते निसर्गातले साधे शब्द आहेत. तरी तुमच्या ओळखीत कुणी बेने इस्रायली असेल तर आधी एकदा विचारा. (माझ्यासारखी माती खाऊ नका!)

ताल: दव. एका दमात मारता येणारी हाक.
केशेत: इंद्रधनुष्य. ठिपकेवालीसाठी.
गेफेन: द्राक्षवेल. नाशिककरांसाठी राखीव!
शाकेद: बदाम. बदामी रंगाच्या मुलीसाठी.
लेवाना: पांढरी, काव्यात चंद्रालाही म्हणतात.
शुआला: कोल्हीण. टोकदार तोंड आणि डोक्यात सतत काहीतरी शिजत असलेलीसाठी.
किनामोन: दालचिनी. तपकिरी आणि जरा तिखट.

नाव दोन-तीन अक्षरी ठेवा, शेवटी 'आ' असेल तर लांबून हाक मारायला सोपं जातं. 'बस', 'नको', 'ये' यांच्यासारखं ऐकू येणारं नाव टाळा, नाहीतर बिचारीचा गोंधळ होतो. गॅलरीत उभं राहून तीनदा मोठ्यानं हाक मारून बघा. शेजाऱ्यांपैकी कुणी 'ओ' दिली तर नाव बदला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस. नावाला आठवडा लागला तर चालेल. लसीला नाही.